बाहेरची कडी

॥ श्री ॥
रहिमतपूर,
दि. १२ जानेवारी २०२४

चि. धनाजीस,
मंगलताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला माझं 'कडब्याची खोली' रजिस्टर पोस्टानं पाठवून सहा आठवडे झाले. पोचपावतीवर तुझी सही आहे, म्हणजे पुस्तक पोचलं. सहीसुद्धा फौजेतली, खाली दोन रेघा मारलेली. पण तुझी म्हणून एक ओळ नाही. फोन करावा तर तुझा एक कान तोफखान्यात गेलेला, त्यामुळे तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि आपलं बोलणं निम्मी गल्ली ऐकते. म्हणून आपलं पत्रच बरं. तू पठाणकोटला होतास तेव्हापासून मी तुझ्या पत्रांतलं शुद्धलेखन लाल शाईनं सुधारून परत पाठवते आहे, आता या वयात सवय मोडायची कशाला.

इकडची हकीकत ऐक. बासष्टाव्या वर्षी मी अचानक उपाशी पोर झाले आहे. काकी मला दोन-दोन दिवस जेवायला द्यायची नाही हे पुस्तकात आहे. ते आमच्या भिशीतल्या बायकांनी वाचलं आणि प्रत्येकीनं मला जेवू घालायचं व्रतच घेतलं. सोमवारी पुरणपोळी, मंगळवारी बासुंदी, बुधवारी परत पुरणपोळी. एकजण तर डबा उघडून ठेवते आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसून डोळे पुसते. पन्नास वर्षांपूर्वीची भूक त्या आत्ता भागवताहेत, आणि माझी साखर दोनशे चाळीसवर गेली. काय चाललंय असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, वाचकांचा प्रतिसाद.

आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी पुस्तक वाचून परत आणून दिलं, शेवटच्या पानावर गुण देऊन. शंभरपैकी एकसष्ट. खाली शेरा, 'अनुभव सच्चा आहे, परंतु मार फार लवकर सुरू होतो. आधी थोडे निसर्गवर्णन हवे होते.' मी म्हटलं, सर, मलाही तसंच वाटत होतं, पण काकीनं मला विचारलं नाही. आणि आमचे हे येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगतात की लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी कधी हात उचललेला नाही. तेव्हापासून लोक त्यांच्याकडेच संशयानं बघायला लागलेत.

मलपृष्ठावर प्रकाशकानं आपल्या मनानं छापलंय, 'आई वारलेली, बाप मेंढरांमागे परमुलखात; चुलतीने वाढवलेल्या एका जिद्दी मुलीची कहाणी.' कसं वाढवलं ते तुला माहीत आहे.

धना, हे सगळं मी हसण्यावारी नेते, पण एक गोष्ट नेता येत नाही. जग काय म्हणेल याचं मला आता फार वाटत नाही. तू काय म्हणतोस याची मी वाट बघते आहे. काकी तुझी आई आहे. तू जर म्हणालास की ताई, हे असं नव्हतं, तर विकल्या गेलेल्या पाचशे प्रतींचा मला काडीचा उपयोग नाही. त्या घरातलं आता तू आणि मीच उरलोय, आणि ती.

रहिमतपूरला कधी येतोस? विचारलं की तुझं ठरलेलं, 'घराला कोण?' अरे, लोक दाराला कडी घालून कुलूप लावून काशीला जाऊन येतात. तुझ्या घराला बाहेरून एकही कडी नाही, असं कुठं असतं का? तुझी अंजना वीस वर्षं त्यासाठी भांडतेय. लग्नकार्याला सगळे जातात आणि तू उंबऱ्यावर पहारा देत बसतोस.

कळावे. लोभ आहेच, तो कागदावर उतरवायला पेन तेवढं शोध.
तुझी,
मंगलताई

* * *

॥ बिरोबा प्रसन्न ॥
आटपाडी,
दि. २६ जानेवारी २०२४

ती. मंगलताईस,
धनाजीचा शि. सा. न. वि. वि.

झेंडावंदन करून आत्ताच आलो आणि पहिलं हेच काम हातात घेतलं. पुस्तक दोनदा वाचलं. एकदा गोठ्यात बसून, एकदा विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत. खरं आहे, ताई. अक्षर न् अक्षर खरं आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या बडबडीत राहून जायला नको.

पण माझी एक तक्रार आहे. एकशे चौऱ्याऐंशी पानांत आपली चांदी शेळी आहे, मोत्या कुत्रा आहे, गावातला बुटका पोस्टमन आहे, मी कुठंच नाही. बावन्नाव्या पानावर 'घरात एक लहान मुलगाही होता' एवढंच आहे. मी काय तिथं भाडेकरू होतो? तू विसरलीस की मुद्दाम गाळलंस, ते तेवढं कळव. गंमत म्हणून विचारत नाही.

इथं तुझं पुस्तक जोरात आहे. वाचनालयात ते नावावरून पशुपालनाच्या कपाटात ठेवलं गेलं. दोन शेतकऱ्यांनी नेलं आणि चाऱ्याची काहीच माहिती नाही म्हणून तक्रार केली, पण बायकांनी ते परत देऊ दिलं नाही. ज्याला त्याला आपलं नाव आहे का तेवढंच बघायचं असतं. तू लिहिलंयस ना, की शेजारच्या एका बाईनं भिंतीवरून तुझ्यासाठी भाकरी टाकली होती? ती आमची आजी, ती आमची आई, असं सांगणारी आजवर सात घरं झाली. एवढ्या भाकऱ्या पडल्या असत्या तर तू त्या खोलीच्या दारात मावली नसतीस. आवाज ऐकून दार लावून घेणारं मात्र गावात एकही घर सापडलं नाही.

खरी राहीबाई अजून शेजारी आहे, ऐंशी पार केलीय. तिला मी म्हटलं की मावशी, तू पुस्तकात आहेस. ती म्हणाली, "एकदाच टाकली हुती. दुसऱ्यांदा धीर झाला न्हाई." आणि शेण काढायला गेली.

आता आईचं. तिनं सोनमला बोलावून सांगितलं की मंगलीनं माझ्यावर पोथी लिहिलीय म्हणतात, ती वाच. सुनेनं मला विचारलं. मी म्हटलं, वाच. रोज दुपारी एक प्रकरण चाललंय. आई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकते. ती झोपते असं अंजनाचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, कारण पान उलटायला उशीर झाला की ती "म्होरं" म्हणते.

कडीचा विषय मी कधीच बंद केलेला आहे. परवा शेजारचा बोकड आत घुसला आणि त्यानं तुझ्या पुस्तकाची प्रस्तावना खाल्ली. अंजनानं परत तेच भांडण काढलं. मी म्हटलं, प्रस्तावना न सोडणारा हा गावातला पहिला वाचक, त्याला बोलू नको.

कळावे. थोरलेपणाचा लोभ ठेवावा, लाल शाई जरा आवरावी.
आपला,
धनाजी

* * *

॥ श्री ॥
रहिमतपूर,
दि. ५ फेब्रुवारी २०२४

चि. धनाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

'खरं आहे' हे तुझे दोन शब्द वाचले आणि न्हाणीघरात जाऊन रडले, कारण बाहेरच्या खोलीत चार वाचक चहाला बसले होते. त्यांच्यासमोर रडले असते तर आणखी चार डबे आले असते. लाल शाई या वेळी उघडलीच नाही. तुझं पत्र जसंच्या तसं कपाटात ठेवलंय.

तुझ्या नावाचं म्हणशील तर एवढ्याशा पुस्तकात सगळे मावत नाहीत. चांदीला जागा दिली कारण बिचारी मुकी होती. तू बोलका आहेस, तुझं तू सांगशील. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायची म्हणतोय, तर काही तपशील चुकले असतील तेवढे कळव. मोत्याचा रंग मला नक्की आठवत नव्हता.

परवा एका शाळेत कार्यक्रम होता. तिथल्या एक बाई उठून म्हणाल्या, तो उलथन्याचा डाग मुलींना दाखवाल का? मी गडबडीत पदर सावरून डावा हात पुढं केला. दोघी-तिघींनी त्यावरून हात फिरवला, एकीला हुंदका आवरेना. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की काकीनं दिलेला डाग उजव्या दंडावर आहे. डाव्या हातावरचा गेल्या दिवाळीचा, करंज्या तळताना तेल उडालं होतं. आता परत जाऊन सांगायचं तरी कसं? करंजीचं नशीब थोर, एवढंच म्हणायचं.

काही लोक सांगतात की बाहत्तरचा दुष्काळ होता, त्या वेळी सगळ्यांचेच हाल झाले. मी म्हणते, उपाशी दुष्काळानं ठेवलं असेल, पण उलथनं काही दुष्काळानं तापवलं नाही. आणखी एक जात आहे, ती म्हणते की म्हातारी झाली आता ती, सोडून द्या. असं म्हणणाऱ्यांनी पुस्तक फुकट नेलेलं असतं, असं माझं निरीक्षण आहे.

कोरेगावहून एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचा फोन आला. तुमचं काहीच नाही बाई, म्हणाला, मला माझ्या बापानं विहिरीत उलटं टांगलं होतं. मला आधी हसूच आलं, जशी काही आमची कुस्ती लावायची होती. मग तो म्हणाला की हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा बोलतोय. आणि गप्प झाला. मी फोन ठेवला नाही. दहा मिनिटं फोन तसाच चालू होता. पुस्तक कशासाठी लिहिलं असं कुणी विचारलं तर मी त्या दहा मिनिटांसाठी म्हणेन.

काकी काय म्हणाली ते लगेच कळव. काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. तरी कळव.

कळावे. लोभ वाढवावा, साखर मी वाढवतेच आहे.
तुझी,
मंगलताई

* * *

॥ बिरोबा प्रसन्न ॥
आटपाडी,
दि. १९ फेब्रुवारी २०२४

ती. मंगलताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन रिपोर्ट आहेत. हलका आधी देतो.

आप्पासो, आपल्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष, घरी पत्रिका घेऊन आले. सोबत जोडली आहे, बसून वाच. रविवार तीन मार्चला तुझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'लेखिकेस लहानाची मोठी करणाऱ्या माउली श्रीमती धोंडुबाई यांचा साडी-चोळी देऊन गौरव.' मी विचारलं, आप्पासो, पुस्तक वाचलं का? म्हणाले, मलपृष्ठ पूर्ण वाचलं. मग सोनमनं एकसष्टावं पान काढून त्यांना उलथन्याचा प्रसंग वाचून दाखवला. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, लय वाईट झालं म्हणाले. मग टोपी परत घालून म्हणाले, पण पत्रिका छापून झाल्यात. मंडप सांगितलाय, बुंदी सांगितलीय. शेवटी त्यांनीच तोड काढली की साडी द्यायची, पण ओटी भरायची नाही. तेवढा निषेध पुरेसा होईल असं त्यांचं मत. आईला साडीचं कळलंय आणि ती हिरवीच पाहिजे म्हणतेय.

आता दुसरा रिपोर्ट.

गुरुवारी पुस्तक संपलं. मी जेवायला बसलो होतो, अंजना चुलीपुढं होती. सोनमनं शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "एवढंच? कडी कोण लावायचं, त्ये न्हाई लिवलं तिनं?" आणि माझ्याकडं तोंड केलं. तिला आता दिसत नाही, ताई, पण तोंड बरोबर माझ्याकडं होतं.

सोनमनं माझ्याकडं बघितलं. अंजनानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, आणि बघतच राहिली. वीस वर्षांचं तिचं भांडण तिथंच संपलं. तव्यावरची भाकरी करपून गेली.

म्हणजे तू विसरलेली नव्हतीस. तू मला झाकलंस. मला पहिल्या वाचनातच शंका आली होती, म्हणून तर नावाचं विचारलं. आई तुला कडब्याच्या खोलीत ढकलायची आणि मला म्हणायची, धन्या, कडी घाल. आणि मी घालायचो. नऊ वर्षांचा होतो हे मलाही कळतं. पण हात माझाच होता. फौजेत मी कित्येक वर्षं गेटवर उभा राहिलो, तिथं कधी काही वाटलं नाही. घराच्या दाराला बाहेरून कडी दिसली की मात्र माझा हात आजही थरथरतो. घर बांधताना सुतारानं कड्या आणल्या होत्या, त्या मी त्याच्या अंगावर फेकल्या. अंजनाला वाटलं, फौजी आहे, डोकं फिरलंय.

तुला लोकांनी शंभर प्रश्न विचारले असतील. हा एकानंही विचारला नाही. ते काकी वाईट म्हणून पुस्तक मिटतात. दुसऱ्या आवृत्तीत घाल, 'बाहेरून कडी धनाजी लावायचा.' नाव घालून. मोत्याचा रंग काळा होता, तो पण घाल. मला बाहेर ठेवू नकोस, ताई.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही हे या खेपेला तुझ्यावर सोडतो.
धनाजी

* * *

॥ श्री ॥
रहिमतपूर,
दि. २४ फेब्रुवारी २०२४

चि. धनाजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सत्काराला मी येणार नाही. आप्पासोंना वेगळं लिहिलंय की मंडळाचे आभार, परंतु धोंडुबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसण्याइतकी मी अजून मोठी झालेली नाही. माझी शाल त्यांनी थंडीत स्वतः वापरावी. बुंदी मला चालत नाही.

कडीचं उत्तर आज देत नाही. तीन कागद लिहून फाडले. मी रागावलेली नाही, एवढंच आज खात्रीनं लिहिते. जेवत जा.

लोभ तुझ्यावर सोडला नव्हता आणि सोडणारही नाही.
मंगलताई

* * *

आटपाडी,
दि. ४ मार्च २०२४

ती. आत्यांना,
सोनमचा शि. सा. न.

आत्या, मी शेवटचं पत्र दहावीच्या परीक्षेत लिहिलं होतं, ते पण क्रीडासाहित्य मागवायचं. त्यामुळे चुकलं तर तुमच्या त्या लाल शाईनं सांभाळून घ्या. मामंजी स्वतः लिहिणार नाहीत, आणि हे फोनवर सांगितलं तर ते ऐकतील, म्हणून लिहितेय.

काल कार्यक्रम झाला. आजी सकाळी सहालाच तयार होऊन बसल्या होत्या. आम्ही कुणी त्यांना नेणार नव्हतो, पण आप्पासोंनी गाडी पाठवली आणि त्या जाऊन बसल्या. मग मामंजी म्हणाले, चला, मीपण येतो. मिलिटरीची पदकं लावली, बूट पॉलिश केले. सासूबाईंना भीती वाटत होती, मला तर लय वाटत होती.

स्टेजवर तुमची खुर्ची रिकामी, शेजारी आजी. आप्पासोंनी तुमचं पत्र खिशात ठेवलं आणि प्रकृती अस्वास्थ्यामुळे लेखिका येऊ शकल्या नाहीत असं सांगितलं. मग मातृत्वावर अर्धा तास भाषण केलं, कारण ते आधीच लिहून झालं होतं. शेवटी म्हणाले की माउलीच्या वतीनं चिरंजीवांनी दोन शब्द बोलावेत.

मामंजी माईकपुढं सावधानमध्ये उभे राहिले. जे बोलले ते मी तसंच लिहिते. "माझ्या आईनं मंगलताईला कोंडून घातलं, त्ये पुस्तकात हाय. बाहेरनं कडी मी लावायचो, त्ये पुस्तकात न्हाई. ताईनं मला झाकलंय. म्हणून मी सांगतोय. ह्या साडीचा मान आमच्या घरात कुणाचा न्हाई." आणि जाऊन खाली बसले.

आत्या, मंडपातली मागची माणसं पुढं येऊन बघायला लागली. तेवढ्यात आजी मोठ्यानं म्हणाल्या, साडी कवा देणार? आप्पासोंनी घाईनं चष्मा लावला. कार्यक्रमपत्रिकेवर पुढं 'फेटा बांधणे' होतं, ते त्यांनी उरकून घेतलं. तुमच्यासाठी आणलेला फेटा मामंजींच्या डोक्यावर बांधला. मामंजी नको म्हणत होते, पण बांधणाऱ्यानं निम्मा बांधला होता. लगेच आभारप्रदर्शन झालं.

नंतर बुंदीच्या रांगेत मी मामंजींच्या मागं होते. ते भाकरी टाकणारे सात घरवाले आहेत ना, त्यातले दोघं जवळ आले. एकजण हळूच म्हणाला की आमच्या आईनं भाकरी टाकली नव्हती, ती नुसता आवाज ऐकायची आणि रडायची. दुसऱ्यानं स्वतःच्या पत्रावळीतली बुंदी मामंजींना वाढली. राहीबाई मावशी मामंजींच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या.

साडी अजून आप्पासोंच्या स्कूटरच्या डिकीत आहे. आजी म्हणतात, पोरानं माझी साडी घालवली. दुसरं काही म्हणाल्या नाहीत, आणि म्हणतील असं मला वाटत नाही. मामंजी रात्री न जेवता झोपले. तुमच्या पत्राची वाट बघतात, पण पोस्टमनसमोर तसं दाखवत नाहीत. फेट्यातला फोटो वेगळा पाठवलाय.

आपली विश्वासू (असंच लिहायचं असतं ना?),
सोनम

* * *

॥ श्री ॥
रहिमतपूर,
दि. १० मार्च २०२४

चि. धनाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फेट्यातला फोटो बघितला. नवरदेव दिसतोस, फक्त नवरी पळून गेलेली. माझा फेटा तुझ्या डोक्यावर गेला याचं वाईट वाटत नाही. माझ्यापेक्षा तुलाच तो शोभला.

सोनमनं सगळं कळवलं. तुला दहा हजार लोकांसमोर उभं राहायची सवय आहे, पण गेल्या रविवारचं उभं राहणं वेगळं होतं, हे मला कळतं. मला तुझा अभिमान वाटला. काकीला मी माफ केलेलं नाही. लोकांना त्याची घाई आहे, मला नाही. ती साडीचं म्हणाली यात मला नवल वाटलं नाही आणि खोटं कशाला सांगू, दुखलं मात्र.

आता कडीचं. चौथा कागद आहे हा, फाडणार नाही.

तू फक्त कडी लक्षात ठेवलीस. पुढचं विसरलास, की तुला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही? कडी लावून झाली की तू तिथंच दारापाशी खाली बसायचास. दार जुनं, खालच्या बाजूनं झिजलेलं. त्या फटीतून तू एक बोट आत घालायचास. मी अंधारात चाचपडत यायचे आणि ते धरायचे. तू काही बोलायचा नाहीस, कारण काकी ऐकेल. तिनं हाक मारली की बोट जायचं, आणि तिचं काम करून आलास की परत यायचं. कधी कधी त्याला गूळ फासलेला असायचा. मी तो चाटायचे आणि तू गुदगुल्या होतात म्हणून तोंड दाबून हसायचास. त्या खोलीत मी हसले ती तेवढीच. माझी मावशी येऊन मला रहिमतपूरला घेऊन गेली तोवर मी टिकले ती त्या बोटावर. मला तर ते बोट अजून ओळखू येईल.

कडी लिहिली असती तर बोट लिहावंच लागलं असतं. आणि धना, मी माझं सगळं त्या पुस्तकात वाटून टाकलंय. माझी भूक भिशीच्या बायकांनी नेली. डाग शाळेतल्या बाईंनी नेला, तोही चुकीच्या हाताचा. मारावर मुख्याध्यापकांनी गुण दिले. त्याबद्दल तक्रार नाही, पुस्तक काढलं की लोक येणारच, आणि त्यातला एखादा कोरेगावचा निघतो. पण ते बोट मला कुणाला द्यायचं नव्हतं. त्यावर कुणी रडलेलं मला चाललं नसतं, आणि शेरा मारलेला तर मुळीच नाही. म्हणून तू पुस्तकात नाहीस. तुला बाहेर ठेवलेलं नाही, जपून ठेवलंय.

दुसऱ्या आवृत्तीत मोत्या काळा करून घेते. बाकी तू भर मंडपात सांगून बसलायस, ते पुस्तकात आणखी कशाला?

तो हात थरथरतो म्हणतोस, त्याच हाताचं बोट होतं ते. एवढं त्याला सांग.

कळावे. लोभ फटीतूनसुद्धा पोचतो, तरी या वेळी दारातून आणावा.
तुझी,
मंगलताई

* * *

॥ बिरोबा प्रसन्न ॥
आटपाडी,
दि. २० मार्च २०२४

ती. मंगलताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मोटरच्या खोलीत बसून वाचलं. बोटाचं मला खरंच आठवत नव्हतं. गुळाचं वाचलं आणि गुदगुल्या आठवल्या, मग सगळं आठवलं. अर्धा तास बाहेर आलो नाही. अंजनाला वाटलं, मोटर जळाली.

काल सुतार बोलावला. पुढच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवून घेतला. हा तोच सुतार, वीस वर्षांपूर्वी ज्याच्या अंगावर मी कड्या फेकल्या होत्या. तो आधी दोन पावलं लांब उभा राहून विचारत होता, नक्की ना? अंजनानं कडीला हळदकुंकू वाहिलं. बोकड येऊन बघून गेला, त्याचा चेहरा पडलेला होता.

पोरगा नोकरीच्या गावी आहे, म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीनं मी, अंजना आणि सोनम रहिमतपूरला येतोय. चार दिवस राहू. आईला राहीबाईकडं ठेवतोय. राहीबाई आपणहून हो म्हणाली. त्या दोघी चार दिवस एकमेकींशी काय बोलतील ते बिरोबाला माहीत. भाकरी मात्र वेळेवर मिळेल.

सोनम म्हणाली, मामंजी, कडी मी लावते. मी नको म्हटलं. घरात कुणी राहिलं नाही ना, हे तीनदा फिरून बघणार, पलंगाखालीसुद्धा बघणार, आणि मीच लावणार.

कळावे. लोभ घेऊनच येतोय, पोस्टाचा खर्च वाचला.
आपला,
धनाजी

ता. क. तुला साखर आहे हे माहीत आहे. तरी गूळ आणतोय. जास्त नाही, बोटाला लागेल एवढाच.